हामा नावाचा द्वारपाल

महाकाव्याच्या धर्तीवर रचलेल्या अद्भुतकथांविषयी एक ठरीव तक्रार नेहमी ऐकू येते. या कथांना राजे दिसतात, हरवलेले वारसदार दिसतात, जादूगार आणि राक्षस दिसतात. पण ज्यांच्या खांद्यांवर हा सगळा डोलारा उभा असतो, ती मधल्या फळीतली, मर्यादित अधिकाराची माणसे दिसत नाहीत, अशी ती तक्रार. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या महाकादंबरीवर तर हा आक्षेप सर्वांत आधी घेतला जातो. आम्हांला हा आक्षेप पूर्णपणे फेटाळायचा नाही. मात्र तो घेणाऱ्यांनी या कादंबरीच्या दुसऱ्या खंडातल्या एका द्वारपालाकडे नीट पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

या द्वारपालाचे नाव हामा. रोहान नावाच्या अश्वपालक, लढवय्या लोकांच्या राज्यात थिओडेन हा वृद्ध राजा आहे. त्याच्या सुवर्णछताच्या सभागृहाचे, मेडुसेल्डचे, दार राखणे हे हामाचे काम. पुढे त्याचा उल्लेख राजाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख म्हणूनही येतो. त्याचे कूळ सांगितलेले नाही, रूपाचे वर्णन जवळजवळ नाही, मनोगत तर नाहीच. साऱ्या कादंबरीत त्याच्या वाट्याला मोजकी पाने आली आहेत. असे असूनही रोहानच्या कथेला जे वळण मिळते ते या माणसाच्या हातून मिळते, आणि ते तो तलवार न चालवता देतो. आज्ञापालन आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सत्य टोल्किन यांनी कुणा राजाच्या किंवा ऋषितुल्य जादूगाराच्या तोंडून वदवलेले नाही. ते एका देवडीवरच्या अधिकाऱ्याच्या कृतीतून दाखवले आहे. आमच्या या लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रसंगाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. थिओडेन म्हातारा झाला आहे, पण तो जितका म्हातारा आहे त्याहून अधिक म्हातारा त्याला करून ठेवले आहे. ग्रिमा वर्मटंग हा त्याचा सल्लागार शत्रुपक्षाला, म्हणजे सारुमानला, विकला गेलेला आहे. राजाच्या कानाशी सतत बसून त्याने राजाला पटवले आहे की तू दुबळा आहेस, तुझी माणसे फितूर आहेत, बाहेरून येणारा प्रत्येक जण वाईट बातमी आणतो. राजाचा भाचा एओमर याने ग्रिमाला उघड धमकी दिली, म्हणून तो कैदेत आहे. राज्य चालते आहे, शिक्के उमटत आहेत, आज्ञा सुटत आहेत. पण त्या आज्ञांमागची इच्छा राजाची राहिलेली नाही. गँडाल्फ, अ‍ॅरागॉर्न, लेगोलस आणि गिम्ली हे चौघे एडोरास या राजनगरीपाशी येतात ते अशा वेळी.

खालच्या वेशीवरचे पहारेकरी त्यांना अडवतात. परक्या कुणालाही आत सोडू नये अशी आज्ञा आहे, आणि ती वर्मटंगच्या तोंडून आलेली आहे, हे ते सांगून टाकतात. त्यांच्यापैकी एक जण वर जाऊन निरोप पोहोचवतो आणि उत्तर घेऊन परततो: आत यायला परवानगी आहे, पण जवळ असेल ते प्रत्येक शस्त्र, मग ती नुसती काठी का असेना, उंबऱ्यापाशी ठेवावे लागेल. वाचकांनी या निरोपातल्या काठीकडे लक्ष द्यावे. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून हा तपशील निसटतो आणि त्याबरोबर पुढच्या प्रसंगाचे निम्मे वजनही निसटते. काठीविषयीची आज्ञा स्पष्ट होती. तिथे संदिग्धता नव्हती.

मेडुसेल्डच्या दाराशी हामा आणि त्याचे सोबती बसलेले आहेत. पाहुणे वर येताच ते आपल्या तलवारींच्या मुठी पाहुण्यांकडे करतात. शांततेची ही तिथली खूण. मग हामा शस्त्रे मागतो. लेगोलस आपली शस्त्रे देतो. अ‍ॅरागॉर्न मात्र अडतो. त्याची अँडुरिल ही तलवार त्याच्या वंशाची खूण आहे आणि ती परक्याच्या हाती देणे त्याला मान्य नाही. शब्दाला शब्द लागतो. हामा त्याला स्पष्ट बजावतो की हट्ट सोडला नाही तर एडोरासमधल्या सगळ्या माणसांशी लढावे लागेल. गिम्लीची कुऱ्हाड हातात येते. इथे हामा नियमावर ठाम आहे. समोर कोण उभा आहे याची कल्पना नसताना तो मागे हटत नाही, आणि तलवारीचे नाव ऐकल्यावर विस्मयाने एक पाऊल मागे घेतो तरी मागणी मात्र सोडत नाही. अखेर गँडाल्फ मध्यस्थी करतो, स्वतःची तलवार आधी ठेवतो, आणि अ‍ॅरागॉर्न आपली तलवार स्वतःच्या हाताने भिंतीशी टेकवून ठेवतो.

राहते ती काठी. हामा तीही मागतो. गँडाल्फ म्हातारपणाचे कारण पुढे करतो. काठीवाचून चालता येत नसेल तर आपण इथेच बसू, राजानेच बाहेर यावे, असे म्हणतो. हामाला हे कारण पटत नाही, आणि पटत नसल्याचे तो बोलून दाखवतो. जादूगाराच्या हातातली काठी ही केवळ म्हातारपणाचा आधार नसते, हे त्याला माहीत आहे. असे असूनही तो त्यांना आत सोडतो. जिथे शंका आहे तिथे लायक माणसाने आपल्या शहाणपणावर विसंबावे, अशा अर्थाचे तो काही बोलतो. तुम्ही सन्मान्य आहात, तुमच्या मनात दुष्टावा नाही असा माझा विश्वास आहे, असे सांगतो, आणि दार उघडतो.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहता येते. भोळ्या द्वारपालाला चतुर जादूगाराने फसवले, असे एक वाचन आहे. चित्रपट पाहून कादंबरीकडे आलेले विद्यार्थी बहुधा असेच वाचतात, कारण पडद्यावर हा क्षण काहीशा विनोदाने उरकला जातो. पण संहिता या वाचनाला आधार देत नाही. हामा फसलेला नाही. काठी म्हणजे काय हे कळूनसुद्धा तो तिला आत जाऊ देतो. आज्ञा ठाऊक आहे, धोका ठाऊक आहे, आणि समोरच्या माणसाची सबब खोटी आहे हेही ठाऊक आहे. इतके सगळे ठाऊक असताना तो जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. तलवारीच्या बाबतीत ताठ राहिलेला माणूस काठीच्या बाबतीत वाकतो, त्यामुळे हा ढिलेपणा आहे असेही म्हणता येत नाही. तलवारीच्या वेळी त्याने पाहुण्यांना पारखले. काठीच्या वेळी त्या पारखेवर निर्णय दिला.

आता एक प्रश्न. हामाने आत जाऊन पुन्हा विचारले का नाही? वेशीवरच्या पहारेकऱ्याने तर विचारले होते. याचे उत्तर टोल्किन यांच्या मूळ स्रोताशी तुलना केली की स्पष्ट होते. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२५ ते १९४५ या काळात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते, आणि 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यावरचे त्यांचे १९३६ सालचे व्याख्यान त्या काव्याच्या समीक्षेत मैलाचा दगड मानले जाते. मेडुसेल्ड हा शब्दसुद्धा त्या काव्याच्या भाषेतला, मधुपानाचे सभागृह या अर्थाचा. पाहुण्यांचे आगमन, त्यांना अडवणे, शस्त्रे ठेवून घेणे हा सारा शिष्टाचार 'बेओवुल्फ'मधून आलेला आहे, हे टॉम शिपी यांनी 'द रोड टू मिडल-अर्थ' (१९८२) या ग्रंथात दाखवून दिले आहे.

'बेओवुल्फ'मध्ये नायकाला दोन राखणदार भेटतात. पहिला समुद्रकिनाऱ्यावरचा पहारेकरी. शब्द आणि कृती यांतला भेद ओळखणे हे तल्लख योद्ध्याचे काम आहे, असे तो म्हणतो, आणि पाहुण्यांना पारखून पुढे सोडतो. दुसरा वुल्फगार, राजा ह्रोथगारचा द्वारपाल. हा स्वतः वेंडेल लोकांतला एक सरदार आहे, घरंदाज आहे, रीतभात जाणणारा आहे. तो पाहुण्यांचा निरोप घेऊन राजाकडे जातो, त्यांच्याबद्दल चांगला शब्द टाकतो, राजाची परवानगी आणतो, आणि ढाली व भाले बाहेर ठेवून शिरस्त्राणांसह आत यावे असे सांगतो. म्हणजे पारख एकाकडे आहे आणि रीत दुसऱ्याकडे. टोल्किन यांनी ही दोन्ही कामे दाराशी उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या अंगावर टाकली.

पण याहून महत्त्वाचा फरक वेगळा आहे. वुल्फगार आत जाऊन विचारू शकतो, कारण त्याच्या राजाचे कान त्याचे स्वतःचे आहेत. ह्रोथगार ऐकतो, आठवतो आणि उत्तर देतो. हामाला ही सोय नाही. तो आत गेला तर त्याचा प्रश्न पडणार ग्रिमाच्या कानावर, आणि येणारे उत्तरही ग्रिमाचेच असणार. ज्याला विचारायचे तो जागेवर आहे, पण विचारण्याची वाट बुजलेली आहे. अशा वेळी द्वारपालापुढे दोनच मार्ग उरतात: आज्ञेच्या शब्दाला धरून राहायचे, किंवा राजा शुद्धीवर असता तर त्याने काय म्हटले असते याचा स्वतः विचार करायचा. हामा दुसरा मार्ग घेतो. त्याची निष्ठा राजाशी आहे, आणि म्हणूनच तो राजाच्या नावाने सुटलेली आज्ञा मोडतो.

द्वारपालाची कसोटी ओळखण्यात असते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात वैकुंठाच्या दाराशी जय-विजय सनकादी कुमारांना अडवतात आणि शाप ओढवून घेतात. त्यांनी कर्तव्यात कसूर केली असे कुणी म्हणत नाही. त्यांनी समोरच्याला ओळखले नाही, हा त्यांचा अपराध. युरोपीय साहित्यात याच्या अगदी टोकाला काफ्काचा द्वारपाल उभा आहे. 'कायद्यापुढे' (१९१५) या छोट्या कथेतला खेडवळ माणूस आयुष्यभर उघड्या दाराबाहेर बसून राहतो. द्वारपाल त्याला मारत नाही, हाकलत नाही, फक्त आत्ता नाही एवढेच म्हणत राहतो. मरणाच्या वेळी त्या माणसाला कळते की हे दार त्याच्या एकट्यासाठी होते आणि आता ते बंद होणार आहे. त्या द्वारपालाला आपल्या वरच्यांची भीती आहे, आणि स्वतःच्या शहाणपणाचा काही उपयोग करावा असे त्याला कधी सुचत नाही. विसाव्या शतकाने हा द्वारपाल फार जवळून पाहिला, म्हणून तो आपल्या अभ्यासक्रमांत मानाने बसला. त्याच शतकात लिहिलेला हामा मात्र करमणुकीच्या कप्प्यात पडून राहिला. आम्हांला हा अन्याय वाटतो.

हामाची गोष्ट काठीपाशी संपत नाही. गँडाल्फ आत जातो, ग्रिमाला गप्प करतो, राजाला उठवतो. काठी आत येऊ नये असे आपण बजावले होते आणि त्या मूर्ख हामाने घात केला, अशा अर्थाचे ग्रिमा ओरडतो. म्हणजे ती आज्ञा कुणाची होती हे त्याच्याच तोंडून बाहेर पडते. यानंतर थिओडेन सभागृहाबाहेर येतो तेव्हा दार आतून ठोठवावे लागते आणि राजा बाहेर येतो आहे, दार उघडा, असे पुकारावे लागते. राजवाडा हाच राजाचा तुरुंग झाला होता, हे याहून कमी शब्दांत सांगणे अवघड आहे.

मग राजा एओमरला बोलावून घेतो. त्याला आणायला हामालाच धाडतो, आणि द्वारपाल म्हणून जो विश्वासू ठरला नाही त्याची गणना अर्धवट गंभीरपणे अपराध्यांत करतो. बोलताना तो गँडाल्फकडे पाहून हसतो, हे खरे. पण हामाला ते हसू दिसलेले नाही. त्याच्या दृष्टीने तो आज्ञाभंगाचा दोषी आहे. अशा मनःस्थितीत हा माणूस काय करतो? एओमरला कैदेतून सोडवतो आणि त्याने मागितली म्हणून त्याची तलवारही त्याला देतो. तलवारीविषयी कुणी काहीच सांगितलेले नाही. राजापुढे आल्यावर हामा थरथरत हे आपण केले, आनंदाच्या भरात कदाचित चुकलो असू, असे कबूल करतो. पण तो मोकळा झाला आहे, तो सेनानी आहे, त्याने तलवार मागितली, मग आपण ती आणली, असे त्याचे म्हणणे.

थोड्याच वेळापूर्वी गँडाल्फ राजाला म्हणालेला असतो की तलवारीची मूठ हाती आली तर तुझ्या बोटांना जुनी ताकद आठवेल. राजाने कमरेकडे हात नेला, पण तिथे तलवार नव्हती. आता एओमर आपली तलवार राजापुढे धरतो, राजा ती हातात घेतो, आणि त्याच्या दंडात बळ परत येते. राजाची स्वतःची हेरुग्रिम नंतर हामालाच ग्रिमाच्या पेटाऱ्यात सापडते. इतरांच्या हरवलेल्या कितीतरी वस्तूही तिथेच निघतात. पण थिओडेनने शुद्धीवर आल्यानंतर प्रथम जी मूठ धरली, ती न सांगता आणलेल्या तलवारीची होती. द्वारपालाने एकदा काठी आत सोडली आणि एकदा तलवार. या दोन वस्तू अडल्या असत्या तर रोहानचा राजा खुर्चीत बसल्या बसल्या संपला असता.

तिसरा प्रसंग सर्वांत शांत आहे. राजा युद्धावर निघाला आहे आणि मागे प्रजेची व्यवस्था कुणाकडे सोपवावी असा प्रश्न आहे. लोकांचा विश्वास कुणावर आहे, असे तो विचारतो. एओर्लच्या घराण्यावर, असे उत्तर हामा देतो. राजा म्हणतो, एओमरला मागे ठेवता येणार नाही आणि तोच या घराण्यातला अखेरचा आहे. यावर हामा सांगतो की आपण एओमरचे नाव घेतलेले नाही आणि तो अखेरचाही नाही. त्याची बहीण एओविन आहे, ती निर्भय आहे, तिच्यावर सर्वांचे प्रेम आहे. त्या दालनात राजा आहे, भाऊ आहे, जादूगार आहे, गादीचा वारस आहे. एओविन सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे आणि कुणालाही दिसत नाही. ती दिसते द्वारपालाला. माणसे ओळखणे हे त्याचे रोजचे काम आहे, आणि दाराबाहेर ओळखतो तसाच तो घरातही ओळखतो.

आता एक गंभीर आक्षेप. हामाचा निर्णय बरोबर ठरतो, कारण लेखकाने गँडाल्फला सज्जन केले आहे. खरोखरीच्या जगात काठी आत नेणारा प्रत्येक म्हातारा गँडाल्फ नसतो. स्वतःच्या शहाणपणावर विसंबून आज्ञा मोडणारे अधिकारी वाढले तर कुठल्याही व्यवस्थेचे काही खरे नाही. मग ही नीती परीकथेपुरतीच ठीक नाही का?

या आक्षेपाचे उत्तर टोल्किन यांनी स्वतःच तिसऱ्या खंडात दिलेले आहे, आणि ते सोपे नाही. मिनास तिरिथ या नगरीत बेरेगोंड नावाचा एक पहारेकरी आहे. भ्रमिष्ट झालेला अधिपती डेनेथोर आपला जखमी मुलगा फारामिर याला जिवंत जाळायला निघतो, तेव्हा बेरेगोंड आपली जागा सोडून धावतो आणि फारामिरला वाचवतो. पण स्मशानभूमीच्या वाटेवर एक बंद दार आहे आणि त्या दाराचा एक राखणदार आहे. तो आज्ञेप्रमाणे किल्ली देत नाही, तलवार उपसतो आणि बेरेगोंडच्या हातून मरतो. पुढे दहनगृहाच्या दाराशी आणखी दोन सेवक मरतात. त्या राखणदाराला कादंबरीने नावसुद्धा दिलेले नाही. बेरेगोंडला जन्मभर या कृत्याची टोचणी राहणार आहे, हे तो स्वतः बोलतो. राजा झालेला अ‍ॅरागॉर्न त्याचा न्याय करतो तेव्हा जुन्या कायद्याप्रमाणे देहदंड सांगितला होता याची आठवण देतो. शिक्षा माफ करतो, पण त्याला नगरीतून बाहेर काढतो, आणि मग ज्याच्यासाठी त्याने हे केले त्या फारामिरच्या रक्षकदलाचा प्रमुख नेमतो.

ही दोन दारे शेजारी ठेवून वाचावीत असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एका दाराशी द्वारपाल विचार करतो आणि रक्त सांडत नाही. दुसऱ्या दाराशी द्वारपाल विचार करत नाही, आणि आत जाणाऱ्यालाही बोलायला वेळ नाही. तिथे एक प्रामाणिक माणूस दुसऱ्या प्रामाणिक माणसाकडून मारला जातो. वरचा धनी भ्रष्ट किंवा भ्रमिष्ट झाला की सगळे ओझे दारावरच्या माणसावर येऊन पडते, आणि प्रत्येक दारावर हामा असेल याची हमी नसते. आज्ञाभंग म्हणजे आपोआप सद्गुण, असे टोल्किन कुठेही म्हणत नाहीत. तो करणाऱ्याने त्याची किंमत चुकवायला तयार असले पाहिजे, एवढे मात्र ते सतत दाखवतात. हामा राजापुढे थरथरत कबुली देतो याचा अर्थ हाच आहे. त्याने नियम मोडला, आणि मोडल्याचा हिशेब द्यायला तो हजर आहे.

तो किंमत कशी चुकवतो, हे पुढच्या दोन प्रकरणांत येते. हेल्म्स डीपच्या वाटेवर गँडाल्फ अचानक घोडा दौडवत निघून जातो. हे काय, असे एक शिपाई हामाला विचारतो, आणि वर्मटंग इथे असता तर त्याने याचा अर्थ चटकन लावला असता, असा टोमणा कुणीतरी मारते. टोमणा बोचरा आहे, कारण दार उघडणारा हामाच होता. हामा ते मान्य करतो, पण आपण गँडाल्फ पुन्हा भेटेपर्यंत वाट पाहू असे सांगतो. मग फार वाट पाहावी लागेल, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते या कादंबरीतल्या विश्वासाचा सर्वांत खरा क्षण हा आहे. इथे पुरावा नाही, आश्वासन नाही, आणि ज्याच्यावर भरवसा टाकला तो नेमक्या वेळी दिसेनासा झाला आहे.

गँडाल्फ पहाटे परततो. लढाई जिंकली जाते. तोवर हामा जिवंत होता की नाही, हे पुस्तक सांगत नाही. एवढेच सांगते की तो हॉर्नबर्गच्या दरवाजासमोर पडला आणि गडाच्या सावलीत त्याला वेगळी, एकट्याची कबर मिळाली. द्वारपाल दारातच पडला. पुढे पराभूत सारुमान आपल्या मधाळ आवाजाने थिओडेनला तहाची भुरळ घालतो, सारे सरदार विरघळू लागतात, तेव्हा राजा नकार देतो. नकार देताना तो वेस्टफोल्डमध्ये लावलेल्या आगी आणि तिथली मेलेली मुले आठवतो. आणि हामा मेल्यानंतरही त्याच्या देहाची केलेली विटंबना आठवतो. लढाईत पडलेल्या साऱ्या योद्ध्यांत नाव घेतले जाते ते एकट्या द्वारपालाचे. पूर्वी एका दुष्ट आवाजाने या राजाला अंकित केले होते; आता दुसरा तसाच आवाज येतो तेव्हा हामाचे नाव राजाच्या मनाचे दार राखते.

पीटर जॅक्सन यांच्या २००२च्या चित्रपटात हामा (जॉन ली) उघड्या माळावर लांडग्यांसारख्या श्वापदांच्या हल्ल्यात मरतो. तिसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत थिओडेन सारुमानला हेच उत्तर देतो, पण हामाच्या नावाच्या जागी तिथे नुसते 'सैनिक' येतात. पटकथेची गरज आम्ही समजू शकतो; प्रेक्षकाला धक्का द्यायचा तर ओळखीचा एक चेहरा लवकर मारावा लागतो. पण यात काय गेले ते सांगितले पाहिजे. दारातला मृत्यू गेला, आणि नाव गेले. एका माणसाचा अपमान हा राज्याच्या तहाच्या आड येण्याइतका मोठा असू शकतो, हा विचार अनेकवचनात विरून गेला.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७मध्ये 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रे अशी विभागणी केली, आणि तेव्हापासून दुय्यम पात्र दिसले की 'सपाट' असा शेरा मारून पुढे जाण्याची सवय वर्गांना लागली आहे. अ‍ॅलेक्स वोलोक यांच्या 'द वन व्हर्सेस द मेनी' (२००३) या ग्रंथाने पात्राला संहितेत किती जागा मिळते आणि ती कुणाच्या वाट्यातून येते, हा प्रश्न विचारायला शिकवले. हामाच्या बाबतीत दोन्ही मोजमापे अपुरी पडतात. त्याचे अंतरंग दिसत नाही, म्हणून फॉर्स्टरच्या अर्थाने तो गोलाकार नाही. त्याची जागा अल्प आहे, पण ती नायकाने हिरावून घेतलेली नाही. त्याचा निर्णय आपल्याला दिसतो, आणि निर्णयातून माणूस कळतो. महाकाव्याची जुनी रीत हीच आहे. कादंबरीच्या चष्म्यातून ती पाहिली की पात्र उथळ वाटते.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. अद्भुतकथा शिकवताना नकाशा, वंशावळ आणि अंगठीचे प्रतीक या तिन्हींना एक तास सुट्टी द्यावी, आणि दुसऱ्या खंडातले दाराशी घडणारे ते दोन-तीन पानांचे संभाषण वर्गात सावकाश वाचावे. काठीविषयीचा निरोप आधी फळ्यावर लिहावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे की तुम्ही या जागी असता तर काय केले असते, आणि केल्यानंतर कुणापुढे उभे राहून काय सांगितले असते. या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विसरू नये. शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी राजा कुणीच होत नाही. बहुतेकांच्या वाट्याला कुठले ना कुठले दार येते: कचेरीचे, दवाखान्याचे, प्रवेशअर्जांच्या खिडकीचे. तिथे वरून आलेली आज्ञा असते, समोर एक अनोळखी माणूस असतो, आणि विचारायला जावे तर आत कोण बसले आहे याची खात्री नसते.